कामच उपासना, म्हणजे नेमकं करायचं काय?

हिशेबनीस
आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वरचेवर सांगतात की विश्वासणाऱ्याचं रोजचं काम हीच त्याची उपासना. ऐकायला छान वाटतं, सगळे माना डोलावतात, मीही डोलावतो. माझं काम बिलं तपासायचं. एका बाजूला ऑर्डर, दुसऱ्या बाजूला बिल, आकडे जुळले तर पुढे नाहीतर परत. दिवसभर हेच.

प्रश्न सरळ आहे. आकडे जुळवताना माझ्या डोक्यात आकडेच असतात, देव नसतो. तो आठवत बसलो तर आकडे चुकतील. मग ही उपासना कशी काय? का आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं? शिवाय ओळखीतले काहीजण नोकरी सोडून पूर्ण वेळ सेवेत गेलेत, त्यांच्याकडे बघून सारखं वाटतं की खरं काम ते करतायत आणि आपण फक्त त्यांना दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, पुरवणारे.

तुम्ही लोक प्रत्यक्षात काय करता ते सांगा. प्रार्थना करून दिवस सुरू करा, टेबलावर वचन लावा हे प्लीज सांगू नका. दोन्ही चालूच आहे.

ठोकताळा
आधी बिलं जुळवा मग देव आपोआप आठवतो. मार्चअखेरीला तर नास्तिकांनाही आठवतो.

रातपाळी
डोक्यात आकडे असतात हे बरोबरच आहे की. मी आयसीयूत नर्स आहे. इंजेक्शनचा डोस काढताना माझ्या मनात स्तोत्र चालू असेल तर पेशंटच्या नातेवाइकांनी मला तिथून हाकलून द्यावं. त्या वेळी सिरिंजवरची रेघ नीट बघणं हेच माझं काम आणि माझ्या मते देवालाही त्या क्षणी माझ्याकडून तेवढंच हवं असतं. आठवण वगैरे नंतर, हँडओव्हर झाल्यावर, जिना उतरताना. तेव्हा एकेका बेडचं नाव घेते. तुम्ही उपासना म्हणजे मनातला भाव असं धरून चाललाय म्हणून गोंधळ होतोय बहुतेक.

हिशेबनीस
@रातपाळी पेशंट समोर असतो तेव्हा ठीक आहे हो. माझ्यासमोर पीडीएफ असते.

वायरमन
बायबलमधलं निर्गम ३१ काढून वाचा. बसालेल. देवाच्या आत्म्याने भरलेला असं तिथे त्याच्याविषयी लिहिलंय, आणि तो संदेष्टा नाही की याजक नाही, कारागीर आहे. सोनं, चांदी, पितळ, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीवकाम. निवासमंडपाचं, म्हणजे उपासनेच्या तंबूचं, काम त्याच्याकडे. त्याच्या जोडीला अहलियाब. आमच्या धंद्याच्या माणसाला हा अध्याय कोणी सांगत नाही, मला स्वतःलाच सापडला.

मी घरांचं वायरिंग करतो. एकदा प्लास्टर झालं की आतली वायर कुणी बघत नाही. लोडप्रमाणे जाड वायर टाकली की बारीक टाकून पैसे वाचवले, अर्थिंग खरं दिलं की नुसता हिरवा तुकडा बॉक्समध्ये दिसेल असा सोडला, हे मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही, कळतं ते थेट शॉक लागल्यावर. मी अर्थिंग टेस्ट केल्याशिवाय बॉक्स बंद करत नाही. तिथे बघणारा एकच असतो. मला यापलीकडे उपासना समजावून सांगता येत नाही.

मीठ_चवीपुरतं
+१ वायरमन. पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात ३:२२ मध्ये 'तोंडदेखल्या चाकरीने नव्हे' म्हटलंय ते हेच.

पाळकांची_थोरली
'पूर्ण वेळ सेवेतले खरं काम करतायत' या वाक्यावर हसू की रडू. माझे बाबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. लोकांना वाटायचं हा माणूस सकाळ-संध्याकाळ देवाशी बोलत असतो. आम्ही घरात काय बघायचो? माइक का खरखरतोय, गळतं छप्पर कोणाच्या खर्चाने दुरुस्त करायचं, विवाहाच्या नोंदवहीत कुणाचं तरी नाव चुकलंय, दोन वडीलधारे एकमेकांशी बोलत नाहीत आणि दोघंही कमिटीवर आहेत. उपदेश शनिवारी रात्री लिहून व्हायचा. बाबा एकदा म्हणाले होते की देवाबद्दल बोलण्याचा इतका सराव होतो की त्याच्याशी बोलायचं राहून जातं. म्हणजे हिशेबनीस, तुमचाच प्रॉब्लेम, फक्त पीडीएफच्या जागी पवित्र शास्त्र.

आणि ज्याची पत्रं आपण रविवारी वाचतो तो पौल स्वतः तंबू करणारा. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाकडे राहिला तो धंदा एकच होता म्हणून (कृत्ये १८:३). थेस्सलनीकाकरांना लिहितो की तुमच्यावर भार नको म्हणून आम्ही रात्रंदिवस कामधंदा केला. त्याला कोणी विचारलं असतं का, की बाबा तू पूर्ण वेळ आहेस की पार्टटाइम?

स्पष्टवक्ता
मी तुमच्या मंडळींतला नाही, खरं तर कुठल्याच नाही, पण धागा इंटरेस्टिंग वाटला म्हणून आलो. एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. 'काम हीच पूजा' हे वाक्य सगळ्यात जास्त कुणाला आवडतं? मालकाला. ओव्हरटाइमचे पैसे मागायला गेलं की ऐकवतात, अरे पैशासाठी काय करतोस, सेवाभावाने कर. धर्म कुठलाही असो. वर कलस्सैकरांसचा जो अध्याय दिलाय तो मी आत्ता वाचला, आणि त्या ओळी चक्क गुलामांना सांगितल्यात! गुलामांनो, मालकाचं काम देवाचं समजून जिवेभावे करा. यात मला पाचारण दिसत नाही, मॅनेजमेंट दिसतं. कृपया हलके घ्या, पण थोडं गांभीर्यानेही घ्या.

ठोकताळा
आला, आला, माणूस आला. सीट बेल्ट बांधा.

जुना_वाचक
स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही आणि आमच्याकडे तो बऱ्याचदा टाळला जातो हे आधीच मान्य. त्या ओळी दासांनाच उद्देशून आहेत, ३:२२ पासून. उपदेशात मात्र २३वं वचन एकटंच उचललं जातं आणि ऑफिसात काम करणाऱ्या सगळ्यांना लागू केलं जातं, मूळ ऐकणारा कोण होता ते गुलदस्त्यात.

पण पुढची ओळ बघा. मालकांनो, तुम्ही आपल्या दासांशी न्यायाने व समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. ही ओळ आपल्या पुस्तकात ४:१ म्हणून छापलेली असते, म्हणजे नवा अध्याय, म्हणजे वाचन आदल्याच ओळीला संपतं आणि मालक सुटतो! अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन याच्याकडे तिचं श्रेय जातं, आणि नव्या कराराला आज जे वचनांचे आकडे आहेत ते रॉबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ च्या आवृत्तीत घातले. पौलाच्या पत्रात ना अध्याय होता ना आकडा. पत्र घरातल्या मंडळीत मोठ्याने वाचलं जायचं, दास आणि मालक एकाच खोलीत बसून ऐकत असणार, आणि दासाला सांगून झाल्याबरोबर त्याच दमात मालकाला सांगितलं जायचं. आता असा विचार करा की मालकासमोर त्याच्या दासाला सांगितलंय की तुझा खरा धनी हा नाही. मला यात मॅनेजमेंटपेक्षा मॅनेजमेंटला घाम फोडणारं जास्त दिसतं.

याकोब ५:४ तर अजून कडक. ज्या कामकऱ्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ते ओरडणं परमेश्वराच्या कानी गेलंय. कष्टाला उपासना म्हणणाऱ्याने हे वचनही त्याच सभेत वाचलं पाहिजे, नाहीतर तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर.

स्पष्टवक्ता
अध्यायाचं माहीत नव्हतं, भारी आहे ते. पण 'न्यायाने वागा' म्हणाला, 'सोडून द्या' नाही म्हणाला.

जुना_वाचक
नाही म्हणाला, या पत्रात तरी. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचा, पानभराचं आहे, तिथे तो पळून गेलेल्या दासाला 'दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून' परत घ्यायला सांगतो. त्यावरही समाधान होणार नाही तुमचं, माझंही पूर्ण होत नाही.

बिनपगारी
पुरुषमंडळींची चर्चा झाली असेल तर बोलू का? आमच्या महिला सभेत या विषयावर एकच उदाहरण ठरलेलं, ब्रदर लॉरेन्स. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात स्वयंपाकघरात काम करायचा आणि भांड्यांच्या खडखडाटातही त्याला देवाचं सान्निध्य जाणवायचं. म्हणजे भगिनींनो तुम्हीही घासा आणि आनंदी राहा, आमेन.

दोन गोष्टी सांगायच्या राहतात. एक, त्याला स्वयंपाकघराचं काम मुळात अजिबात आवडत नव्हतं, तशी नोंदच आहे. आधी सैनिक होता, लढाईत जखमी झालेला, आणि पुढे मठात त्याला चपला शिवायच्या कामावर बदललं. दुसरी, त्याच्या पायात दोन वर्षांचं पोर घुटमळत नव्हतं आणि खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई नव्हत्या.

पण न आवडणारं काम होतं हे कळल्यापासून तो मला जवळचा वाटतो, हे खरं. आवड निर्माण होण्याची वाट बघायची नाही. चादर बदलायची आहे ना, बदलली. सासूबाईंना कोरडं वाटलं. मनात तेव्हा चिडचिड होती तरी त्या कोरड्याच झाल्या. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पाय स्वच्छ झाले हेही त्यात आलंच की, नुसतं दृष्टांत दाखवायला पाणी नव्हतं ओतलं.

रातपाळी
बिनपगारी, शेवटच्या वाक्यासाठी दंडवत.

मीठ_चवीपुरतं
मठांचा विषय निघालाय म्हणून, सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत कोठाराच्या व्यवस्थापकाला सांगितलंय की मठातली सगळी भांडी-हत्यारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजून वापर. फावडं आणि प्याला एकाच इज्जतीचे. आणि ५७व्या प्रकरणात कारागिरांबद्दल आहे, ज्याला आपल्या कौशल्याचा गर्व चढला त्याला त्या कामावरून काढा, नम्र होईपर्यंत. आणि विकायच्या वस्तू बाहेरच्या लोकांपेक्षा थोड्या स्वस्त विका.

ठोकताळा
गर्व चढला की कामावरून काढा हा नियम आमच्याकडे लागू केला तर ऑफिस रिकामं. फक्त प्रिंटर राहील. नाही, तोही नाही राहणार.

बाखभक्त
उपासना आणि काम म्हटल्यावर संगीतकार बाखचं नाव अजून कसं नाही आलं? अनेक हस्तलिखितांच्या शेवटी तो 'एस डी जी' लिहायचा, सोली देओ ग्लोरिया, केवळ देवाला गौरव. हे सगळे सांगतात. सांगत नाहीत ते असं की लाइपझिगमध्ये पगारावरून त्याची कायम कुरकुर. १७३० मध्ये एर्डमान नावाच्या जुन्या मित्राला पत्र लिहिलंय, त्यात तक्रार आहे की हवा निरोगी असली की लोक मरत नाहीत, अंत्यविधी कमी होतात आणि त्यांची फी बुडते, मागच्या वर्षी शंभराहून जास्त थालरचं नुकसान झालं!! मला तर यामुळे तो जास्तच आवडतो. देवाला गौरव आणि बिल वेगळं.

ठोकताळा
'हवा निरोगी असल्याने धंदा मंदा' हे मी आता स्टेटसला ठेवणार.

वसुलीवाला
बराच वेळ वाचतोय. लिहू की नको असं झालं होतं. मी कर्जवसुलीच्या कॉल सेंटरला आहे. वायरमनचं काम चांगलं, नर्सताईंचं चांगलं, घरकाम चांगलं. माझं काय? थकलेले हप्ते मागणं यात गैर काही नाही, घेतलेलं कर्ज फेडायला हवंच. पण स्क्रिप्टमध्ये जे असतं, आणि स्क्रिप्टबाहेर जे करायला लावतात, माणसाच्या नातेवाइकांना फोन, त्याच्या ऑफिसात फोन, हे मी प्रभूसाठी जिवेभावे करू का? पाळकांना विचारलं तर म्हणाले प्रार्थना कर, दार उघडेल. घरात कमावणारा मी एकटाच. दार उघडेपर्यंत रोज दीडशे-दोनशे कॉल आहेत.

स्पष्टवक्ता
हा खरा प्रश्न. आता बोला.

जुना_वाचक
लूक ३ मध्ये अगदी हाच प्रश्न आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात, म्हणजे त्या काळातले वसुलीवालेच, आणि विचारतात आम्ही काय करावं. नोकरी सोडा म्हणाला नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. मग शिपाई आले. त्यांना सांगितलं की दांडगाई करून, खोटे आरोप करून कुणाचं काही घेऊ नका आणि आपल्या पगारात तृप्त राहा. काम तेच, पण त्यातला जुलमाचा भाग कापून टाकायचा. आता त्या काळात जकातदाराने जास्त न घेणं म्हणजे वरची कमाईच बंद, हे सोपं नव्हतं हेही खरं.

उलट बाजूही आहे. मत्तय जकातनाक्यावरून उठून येशूच्या मागे गेला तो गेलाच. आणि सुरुवातीच्या शतकांतल्या चर्चच्या नियमावल्यांत बाप्तिस्म्याआधी कोणते धंदे सोडायचे याची यादी असायची, ग्लॅडिएटर, मूर्ती घडवणारा वगैरे. म्हणजे कुठलंही काम 'प्रभूसाठी' म्हटलं की पवित्र झालं असं कधीच नव्हतं.

मीठ_चवीपुरतं
वसुलीवाला, जॉन वूलमनबद्दल वाचा. अठराव्या शतकात, न्यू जर्सीतला क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा माणूस. तरुणपणी एका दुकानात नोकरीला होता. मालकाने सांगितलं, माझी एक गुलाम बाई विकलीय, तिचं विक्रीपत्र लिही. नोकर माणूस, लिहिलं त्याने, पण तिथेच मालकाला आणि घेणाऱ्याला तोंडावर सांगितलं की गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असं मला वाटतं. पुढे असंच दुसरं काम आलं तेव्हा लिहायला नकार दिला, गुलाम वारसाला देणारी मृत्युपत्रंही लिहीत नसे. मग आयुष्यभर गावोगाव फिरून क्वेकर लोकांना गुलाम सोडायला सांगत राहिला. पोटासाठी शिंपीकाम. स्वतःचं दुकान जोरात चालायला लागलं तर ते मुद्दाम कमी केलं, मन अडकतंय म्हणून.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं की त्याने आधी नोकरी सोडली नाही. आधी एक कागद लिहायचा नाही असं ठरवलं.

सध्या_बेकार
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही. काम हीच उपासना असेल तर ज्याला काम नाही त्याची उपासना बंद का? मंडळीत 'सध्या काय करतोस' हा प्रश्न आला की मी चपला शोधायला लागतो. एका काकांनी तर वचनच ऐकवलं, जो काम करत नाही त्याने खाऊही नये.

पाळकांची_थोरली
काकांना २ थेस्सलनीकाकरांस ३:१० नीट वाचायला सांगा. 'काम करू *इच्छित* नाही' असं आहे. तुम्ही रोज अर्ज करताय, ते वचन तुमच्यासाठी नाहीच.

आणि देवाने द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) संध्याकाळी पाच वाजेपर्यंत चौकात उभ्या राहिलेल्यांना आळशी नाही म्हटलं. का उभे आहात विचारल्यावर ते म्हणाले, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. धनी ते ऐकून घेतो, बोलावतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो.

रातपाळी
शब्बाथाबद्दल, म्हणजे विसाव्याच्या दिवसाबद्दल, कोणीच काही बोललं नाही. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ५व्या अध्यायात, विसाव्याचं कारणच असं दिलंय की तुम्ही मिसर देशात दास होता हे आठवा. आणि विसावा फक्त धन्याला नाही, दास, दासी, परका, बैल, गाढव सगळ्यांना. सुट्टीच्या दिवशी मी फोन बंद ठेवते म्हणून वॉर्डात बोलणी खाते, पण 'मी नाही गेले तर सगळं कोसळेल' हे मनात पक्कं बसायला लागलं की समजावं, देवाच्या खुर्चीत आपण बसलोय. बेकार, तुमच्यावर सक्तीचा विसावा आलाय, तो गोड नाही हे कळतं मला. पण तुमची किंमत कामाने ठरत नाही हे त्या आज्ञेत आहेच.

सध्या_बेकार
धन्यवाद. काकांना स्क्रीनशॉट पाठवू का? :)

ठोकताळा
पाठवा, आणि खाली लिहा 'आपला इच्छुक'.

हिशेबनीस
दोन दिवस लॉगिन नव्हतो, एवढं सगळं झालंय!

याकोब ५:४ डोक्यातून जाईना म्हणून प्रलंबित बिलांची यादी उघडून बसलो. मोठ्या कंपन्यांची बिलं माझ्याकडे अडकतच नाहीत, त्यांचे लोक फोन करून करून मंजूर करून घेतात. अडकतात ती लहान लोकांची. सफाईचं कंत्राट, गाडीभाडं, माणसं पुरवणारे. ऑर्डर नंबर चुकीचा म्हणून परत, सही नाही म्हणून परत. नियमाने बरोबर, पण बिल परत जातं तेव्हा त्यांच्या माणसांचा पगार थांबतो. पीडीएफच्या मागे पेशंट आहे, रातपाळी, बेड दिसत नाही एवढंच.

त्यामुळे आता परत पाठवायच्या आधी फोन करून काय कमी आहे ते सांगतो, आणि लहान बिलं सकाळी आधी घेतो. आकडे जुळवताना डोक्यात अजूनही आकडेच आहेत.

स्पष्टवक्ता
छान केलंत, मनापासून. पण हे उपासना न म्हणताही करता येतं.

हिशेबनीस
येतं ना. पण मला नव्हतं सुचलं.

जुना_वाचक
स्पष्टवक्ता, तुम्ही म्हणता तसं कुणीही करू शकतो आणि करतातही, आमच्यापेक्षा चांगलं करणारे पुष्कळ आहेत. फरक मला एवढाच वाटतो की न दमता करायचं तर कुणासाठी तरी करावं लागतं. स्तोत्र ९० च्या शेवटी 'आमच्या हातचे काम सिद्धीस ने' अशी प्रार्थना आहे. अख्खं स्तोत्र माणूस गवतासारखा सुकतो यावर आणि शेवटची मागणी कामाबद्दल. यावर आपण वेगळा धागा काढू.

वसुलीवाला
वूलमनचं वाचलं. नातेवाइकांना आणि ऑफिसला फोन करणार नाही, बाकी सगळं काम करतो, असं सुपरवायझरला कळवायचं ठरवलंय. तोंडी सांगू का लेखी?

रातपाळी
लेखीच. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. आणि कर्जदाराशिवाय इतरांना त्रास द्यायचा नाही असा नियम बहुधा तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या धोरणात असेल, तो शोधून मेलमध्ये टाका. म्हणजे तुम्ही नकार देत नाही, नियम पाळताय.

वसुलीवाला
मेल लिहिलाय पण भाषा जरा तापलेली झालीय. एचआरमधलं कुणी आहे का इथे, पाठवायच्या आधी नजर टाकायला? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पाळकांची_थोरली
करा. मी एचआरमध्येच आहे, कमिटीच्या भांडणांपासून पळायला म्हणून आले होते :)